सीमेपलीकडून स्वस्तात आणलं, तर त्यावर कर का द्यायचा?

तळ्याकाठची

मी स्वित्झर्लंडमध्ये थुरगाऊ कँटनात (कँटन म्हणजे इथलं राज्य) राहते. आमच्या क्रॉयझलिंगेनला लागूनच जर्मनीचं कॉन्स्टान्झ आहे. मधली सीमा बोटाने दाखवावी लागते, इतकी ही दोन गावं एकमेकांत मिसळली आहेत. आमचे लोक दर शनिवारी पलीकडे जाऊन आठवड्याचा बाजार आणतात. मांस, चीज, शांपू, बाळाचे डायपर, सगळंच तिकडे बरंच स्वस्त पडतं.

१ जानेवारी २०२५ पासून स्विस सरकारने करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी, दिवसाला ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. बिल त्यापुढे गेलं की नुसत्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण बिलावर व्हॅट बसतो. म्हणजे १४९ फ्रँकला शून्य आणि १५१ ला सगळ्यावर कर. सर्वसाधारण दर ८.१ टक्के, खाद्यपदार्थांना २.६. ही मागणी सीमेजवळच्या सेंट गालेन आणि थुरगाऊ कँटनांनीच लावून धरली होती, कारण त्यांच्या दुकानदारांचं गिऱ्हाईक जर्मनीला जातं.

मला हे पटत नाही. आपल्या कष्टाचा पैसा जिथे जास्त पुरतो तिथे खर्च करायचा हक्क माणसाला असावा. गरज असते म्हणूनच लोक पलीकडे जातात, त्यातही मुलंबाळं असलेली, बेताच्या पगाराची माणसं जास्त. त्यांनाच अडवून दुकानं जगवायची, हा कसला न्याय? तुमच्याकडचे अनुभव वाचायला आवडतील, विरोधातले असले तरी.

मिरचीमसाला

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. कोल्हापूरचे लोक पेट्रोल स्वस्त असलं की सरळ कर्नाटकात जाऊन टाकी भरून येतात. त्यांना कोणी कस्टम लावतं का?

दुकानवाला_सेंटगालेन

ताई, तुम्ही ज्या दुकानदारांबद्दल लिहिताय त्यांतला मी एक. सेंट गालेनमध्ये माझं भारतीय किराण्याचं लहान दुकान आहे. तूरडाळ, पोहे, भाजणीचं पीठ, दिवाळीत उटणंही ठेवतो.

माझी बाजू मांडतो. दुकानाचं भाडं फ्रँकमध्ये, मदतीला असलेल्या मुलीचा पगार इथल्या दराने, तिचा विमा, पेन्शन, सगळं इथलं. मालावर व्हॅट भरतो तो वेगळा. तुम्ही तोच माल कॉन्स्टान्झहून आणता आणि जर्मन दुकानातून हिरवी चिठ्ठी घेऊन सीमेवर शिक्का मारून घेता. बिल ५० युरोंच्या वर असलं की जर्मनी आपला व्हॅट परत देते, खाण्याच्या वस्तूंवर ७ टक्के, बाकीच्यांवर १९. आणि इकडे १५० फ्रँकच्या आत असलं तर स्वित्झर्लंड काही घेत नाही. त्या मालावर कर लागला कुठे? ना तिकडे, ना इकडे. माझ्या दुकानातल्या डाळीवर मात्र लागला. याला मुक्त व्यापार म्हणायचं असेल तर मी त्यात उघड्यावर उभा आहे आणि समोरचा चिलखत घालून आला आहे.

आणि एक सांगतो, रागावू नका. पगार फ्रँकमध्ये घ्यायचा आणि खर्च युरोत करायचा, हे सगळ्यांनी केलं तर फ्रँकमध्ये पगार देणारं इथे उरेल कोण?

तळ्याकाठची

दादा, रागावले अजिबात नाही. तुमच्यासारखा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला.

पण किमतीतला फरक करामुळे आहे का? डाळीवर तुम्ही २.६ टक्के भरता. पलीकडे तीच वस्तू तीस-चाळीस टक्क्यांनी कमी मिळत असेल, तर तो फरक २.६ टक्क्यांनी पडत नाही. मासिकाच्या एकाच मुखपृष्ठावर युरोची आणि फ्रँकची किंमत शेजारी शेजारी छापलेली असते. कागद तोच, मजकूर तोच, फ्रँकमधला आकडा मोठा. स्विस गिऱ्हाईक देऊ शकतं म्हणून उत्पादक त्याच्याकडून जास्त घेतात. याला चाप लावायला १ जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला, पण रोजच्या बिलात मला तरी फार फरक जाणवलेला नाही. ज्याच्यामुळे वस्तू महाग, तो घाऊक पुरवठादार बाजूलाच राहतो. पकडलं जातं कोण, तर पिशवी घेऊन पायी सीमा ओलांडणारी बाई.

करसल्लागार

धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय.

आयातशुल्क परदेशी मालावर लागतं, देशी मालावर लागत नाही. त्याने परदेशी माल महाग होतो आणि देशी उत्पादकाला आडोसा मिळतो. मुक्त व्यापारवाल्यांचा विरोध असतो तो या शुल्काला. व्हॅट किंवा जीएसटी हा वापरावरचा कर. माल कुठेही बनलेला असो, जिथे वापरला तिथे दर सारखाच. निर्यात करणारा देश तो परत देतो, आयात करणारा आपल्या दराने लावतो. त्यामुळे सीमेवर व्हॅट घेतला म्हणून मुक्त व्यापाराचा भंग होत नाही. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचं आयातशुल्क रद्द केलं, व्हॅट मात्र ठेवला. दोन्ही धोरणं एकत्र नांदू शकतात.

म्हणून या एका मुद्द्यावर मी दुकानवाल्यांच्या बाजूने आहे.

तळ्याकाठची

फरक समजला आणि मान्यही आहे. पण मग शेतमालाचं काय? ताजं मांस माणशी दिवसाला एक किलोच आणता येतं, त्यापुढे किलोला १७ फ्रँक. लोणी आणि साय मिळून एक किलो, पुढे किलोला १६ फ्रँक. मी घरी तूप कढवते. घरात दोघंच असलो तर दोन किलो लोणी आणायचं आणि थांबायचं, तिसऱ्या किलोला लोण्याच्या किमतीपेक्षा शुल्क जास्त! हा काही वापरावरचा कर नाही, स्विस गवळ्यासाठी घातलेली भिंतच आहे.

करसल्लागार

हो, ते शुद्ध संरक्षण आहे. तिथे मी तुमच्या बाजूने.

जोहोर_फेरीवाला

सिंगापूरहून लिहितोय. हा देश म्हणजे मुक्त व्यापाराचं माहेरघर, मोजक्या वस्तू सोडल्या तर आयातशुल्क नाहीच. पण शेजारी मलेशियात जोहोर बाहरूला जाऊन खरेदी करून आलात आणि ४८ तासांच्या आत परतलात, तर माणशी १०० सिंगापुरी डॉलरपर्यंतच सूट. वरच्या रकमेवर ९ टक्के जीएसटी. दारूला मलेशियाहून येताना अजिबात सूट नाही.

सगळ्यात भारी नियम पेट्रोलचा. सिंगापूरची गाडी कॉजवेवरून, म्हणजे मलेशियाला जोडणाऱ्या रस्त्यावरून, बाहेर पडताना टाकी किमान पाऊण भरलेली हवी. नसली तर दंड होतो नाहीतर परत पाठवतात. तिकडच्या स्वस्त पेट्रोलने टाकी भरता येऊ नये म्हणून. सकाळी निघताना आधी काट्याकडे बघायचं, ही सवयच लागली आहे.

एक लक्षात घ्या. इथे कर फक्त १०० च्या वरच्या रकमेवर आहे. थुरगाऊवाल्या ताईंनी सांगितलेला 'सगळ्या बिलावर' हा प्रकार जास्त जाचक वाटतो. आणि २०२३ पासून परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या ४०० डॉलरच्या आतल्या वस्तूंवरही जीएसटी आला, पण तो विकणाराच विकताना कापून घेतो. गिऱ्हाइकाला पार्सल सोडवायला कुठे जावं लागत नाही.

डोंबिवलीची_सुगरण

इतके दिवस नुसती वाचत होते, या धाग्याने लिहितं केलं.

मी फराळाच्या ऑर्डरी घेते. गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त काम अमेरिकेचं. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया. गणपती बसायच्या आधीच दिवाळीची यादी तयार असते. चकली आडवी न ठेवता उभी लावायची, दोन थरांमध्ये बटर पेपर, डबा हलवला तर आवाज आला नाही पाहिजे. अनारसे वेगळ्या डब्यात, वर खसखशीची बाजू. एवढं केलं तरच ते धड पोचतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं. अमेरिकेत ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला शुल्क नव्हतं, ती सवलत २९ ऑगस्टपासून गेली. त्याच्या दोनच दिवस आधी भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागू झालं होतं. पोस्टाने २५ ऑगस्टपासून तिकडचं बुकिंग थांबवलं, ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला! खाजगी कुरियरवाल्याकडे गेले तर त्याने आधी एक दर सांगितला, पार्सल गेल्यावर गिऱ्हाइकाकडून वेगळेच पैसे मागितले. त्या मुलीने डबा घेतलाच नाही. आईसाठी म्हणून बेसनाचे लाडू मुद्दाम पिठीसाखर कमी घालून करून घेतले होते, आई तिच्याकडे राहायला गेली होती. ते लाडू कुठे गेले मला माहीत नाही.

माझ्याबरोबर भाजणी भाजणाऱ्या, करंज्या भरणाऱ्या बायका आहेत. त्यांचं दिवाळीचं काम निम्म्यावर आलं. अमेरिकेतल्या कुठल्या कारखान्याला माझ्या चकलीपासून वाचवायचं होतं, एवढंच मला कोणी समजावून सांगा.

न्यूजर्सीकर

ताई, वाचून वाईट वाटलं. इकडच्या बाजूने सांगतो. ८०० डॉलरची ती सवलत चीनहून येणाऱ्या स्वस्त कपड्यांच्या आणि किरकोळ मालाच्या पार्सलांमुळे लोकांच्या डोळ्यांवर आली. चीनची सवलत आधी २ मे ला काढली, मग सगळ्यांचीच. २०१६ आधी ही मर्यादा २०० डॉलर होती. ती वाढवली तेव्हाच मोठ्या विक्रेत्यांचं फावलं. सुक्याबरोबर ओलं जळलं, आणि ओल्यात आपला फराळ निघाला.

१०० डॉलरच्या आतली भेट अजून करमुक्त आहे. आईने मुलाला पाठवलं तर भेट. पण मी तुमच्याकडून पैसे देऊन मागवलं तर ती खरेदी, मग भेट लिहिता येत नाही. कोणी सुचवलं तरी तसं लिहू नका, अडकाल.

डोंबिवलीची_सुगरण

नाही लिहिणार. मी पावती देते, खोटं लिहून धंदा करायचा नाही.

मिरचीमसाला

आपल्याकडेही कमी नाही हं. परदेशातून येणाऱ्या ५००० रुपयांच्या आतल्या भेटीला जी सूट होती ती डिसेंबर २०१९ मध्ये काढली. लोक ऑनलाइन खरेदी 'भेट' म्हणून मागवत होते. सूट उरली फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. बहिणीची राखी येऊ शकते, राखीबरोबरचा पेढा नाही :)

मुलुंडचा_जुना

अवांतर वाटेल, पण नाही. माझे वडील ट्रक चालवायचे. मुंबईच्या वेशीवर जकात होती. मुलुंड, दहिसर, ऐरोली, वाशी, नाक्याला रात्र रात्र रांग. माल मुंबईचा नसून नुसता पुढे गुजरातला जायचा असला तरी कागद, शिक्के, पैसे. भाजी असली तर रांगेतच सुकायची. तेव्हाही हेच सांगायचे, जकात नसेल तर पालिका कशी चालणार.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. पालिकेला राज्याकडून भरपाई मिळते, पालिका चालू आहे. ट्रक थांबत नाहीत. आज कोणी म्हणत नाही की ठाण्याचा माल मुंबईत आला तर मुंबईचं नुकसान होतं. मग ही गोष्ट देशाच्या सीमेवर का खरी नाही?

करसल्लागार

मुलुंडकर काका, कारण ठाणे आणि मुंबईवर एकच जीएसटी परिषद आहे. कर एक, पैसा एक, कायदे एक. दोन देशांत तसं नसतं. पण मुद्दा चांगला आहे. कर सीमेवर न घेता विक्रीच्या वेळीच घ्यायचा, याने रांग जाते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंच्या आतल्या परदेशी पार्सलांची व्हॅटसूट बंद केली आणि विकणाऱ्याकडूनच व्हॅट वसूल करायची सोय केली. ऑस्ट्रेलियाने हेच २०१८ मध्ये केलं.

इतिहासाचं_पान

सगळे मुक्त व्यापाराच्या आरत्या ओवाळताहेत म्हणून मुद्दाम लिहितो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हेच मांडलं होतं की इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू होत नाहीत. उद्योग उभाच नसेल तर खुली स्पर्धा म्हणजे बलवानाची सोय. मँचेस्टरच्या कापडासाठी दारं उघडली आणि आपले विणकर देशोधडीला लागले. १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला तो उगाच नाही. स्वस्त मिळतं म्हणून घ्यायचं, हा एकच निकष असता तर स्वदेशीची चळवळ झालीच नसती.

सुगरणताईंचं दुःख मला कळतं. पण उद्या परदेशी कारखान्याची पाकीटबंद चकली डोंबिवलीत निम्म्या भावात आली, तर याच ताई शुल्क मागतील की नाही?

डोंबिवलीची_सुगरण

नाही मागणार. माझी चकली खाऊन बघा, मग बोला.

पांढरकवड्याचा

इतिहासकारांना उत्तर देतो. इंग्रजांनी केलं ते मुक्त व्यापार नव्हतंच. १८९६ ला विलायती कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि मँचेस्टरची ओरड होते म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवली. ती हटायला १९२५ उजाडलं. आपल्याच मालावर कर, तोही परक्याच्या सोयीसाठी. रानड्यांचा राग रास्त होता, पण तो सत्तेच्या लुटीवरचा होता.

आता आमचं ऐका. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजना होती. कापूस सरकारलाच विकायचा. आमच्या पांढरकवड्याहून आदिलाबादची बाजारपेठ जवळ, तिकडे व्यापारी रोख पैसे देत. पण राज्याची हद्द ओलांडून कापूस नेणं हा गुन्हा. आजोबा रात्री बैलगाडी काढायचे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडून ठेवायचे. स्वतःच्या शेतातला, स्वतः वेचलेला कापूस, आणि चोरासारखा न्यायचा. नाक्यावर पकडले गेले तेव्हा गाडी अडकली, बैल दिवसभर उपाशी उभे होते. आजीने सांगितलेलं आहे.

म्हणून शरद जोशींनी बाजाराचं स्वातंत्र्य मागितलं, जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला, तेव्हा आमच्याकडे ते पुस्तकी वाटलं नाही. हद्दीपलीकडे जाऊन विकायचा हक्क आणि हद्दीपलीकडे जाऊन विकत घ्यायचा हक्क, एकच हक्क आहे तो. तळ्याकाठच्या ताई जे मागताहेत ते आजोबांनीच मागितलं होतं.

लासलगाव_९९

+१००. कांद्यावर कोणी बोललं नाही म्हणून. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क होतंच, वर टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा हवा, ठीक, पण ते स्वस्त कोणाच्या खिशातून? परदेशातलं गिऱ्हाईक तोडलं ते तुटलंच, त्याला दुसरा पुरवठादार सापडला.

दुकानवाला_सेंटगालेन

पांढरकवड्याच्या दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. बैलांच्या घंटांचं वाचून बरं वाटलं नाही.

तरी मूळ प्रश्नावर येतो. तुमचे आजोबा विकत होते, त्यांना कोणी करसवलत देत नव्हतं. मी सवलतीविरुद्ध भांडतोय, खरेदीविरुद्ध नाही. लोकांनी कॉन्स्टान्झला जावं, खुशाल जावं. २०२० च्या वसंतात करोनामुळे सीमा बंद झाली, दोन गावांच्या मधे कुंपण पडलं, तेव्हा माझा धंदा वाढला होता. पण कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून नवरा-बायको, प्रेमिक एकमेकांशी बोलत होते. तो धंदा मला नको होता. १५ जूनला सीमा उघडली तेव्हा मीही बायकोला घेऊन तळ्याकाठी फिरायला पलीकडे गेलो.

फक्त जो कर माझ्या गिऱ्हाइकाला, तोच पलीकडून आणणाऱ्याला, एवढंच.

तळ्याकाठची

दादा, मग आपल्यात भांडण उरतंच किती? मी माझी मागणी नेमकी मांडते.

लोणी-मांसावरचं ते किलोमागचं शुल्क जावं. तो कर नाही, अडथळा आहे, हे करसल्लागारांनीही मान्य केलं. व्हॅट घ्यायचा तर सिंगापूरसारखा वरच्या रकमेवरच घ्या. १५१ फ्रँकच्या बिलाला १२ फ्रँकपर्यंतचा भुर्दंड आणि १४९ ला काही नाही, यामुळे माणसं दुकानातच शेवटची वस्तू परत फळीवर ठेवताना मी बघते. कस्टमचं ॲप वापरून मोबाइलवरच पैसे भरता येतात, तेव्हा एवढा हिशेब करणं त्यांना अवघड नाही. आणि मर्यादा पुन्हा ३०० करा. चार माणसांच्या घराचा आठवड्याचा बाजार एकट्या आईनं आणला तर तो १५० मध्ये बसत नाही. नवरा कामावर, मुलं शाळेत, म्हणून तिची सूट एकाच माणसाची धरायची?

हे झालं तर मी आनंदाने कर भरेन. पण याने स्विस दुकानं वाचतील असं कोणी सांगू नये. जानेवारी २०१५ मध्ये स्विस राष्ट्रीय बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आधार काढला, फ्रँक वधारला, त्या दिवशी एका फटक्यात पलीकडचं सगळं स्वस्त झालं आणि कॉन्स्टान्झच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अशा फरकापुढे आठ टक्के काय करणार? तुम्हाला जो घाऊक पुरवठादार महाग देतो, त्याच्याशी लढायचं असेल तर सांगा, मी तुमच्याबरोबर सही करते.

दुकानवाला_सेंटगालेन

वरच्या रकमेवरच कर, हे मान्य. पुरवठादाराविरुद्ध सही, तीही मान्य. मर्यादा मात्र ३०० नको, १५० च राहू द्या. माझ्या दुकानात एका वेळी १५० फ्रँकची खरेदी करणारं गिऱ्हाईक आठवड्यातून एखादंच येतं. १५० ची सूट म्हणजे माझा सगळाच बाजार तिच्यात येतो.

तळ्याकाठची

हा आकडा मी विचारात घेतला नव्हता. माणशी १५० ठेवून मुलांची सूट आईच्या पिशवीत धरली तर? मुलं बरोबर नसली तरी.

दुकानवाला_सेंटगालेन

मग चालेल. त्याला माझी हरकत नाही.